काजूच्या कारखान्यात हातात रोकड किती उरते? ऑपरेटिंग कॅश फ्लोचा साधा हिशेब

काजूचा कारखाना घालायचा विचार गोव्यात कुणी बोलून दाखवला की लगेच दोन प्रश्न येतात. मशिनरी कितीची? आणि वर्षाला नफा किती? दोन्ही रास्त आहेत, पण कारखाना घालावा की नाही ते या दोन उत्तरांवरून ठरत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो: या कारखान्यामुळे, आणि फक्त त्याच्यामुळेच, दर वर्षी रोख पैसे किती जास्त हातात येणार? या आकड्याला ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणतात. सूत्र दोन ओळींचं आहे. सूत्रात कुठला आकडा घालायचा आणि कुठला बाहेर ठेवायचा, खरी अडचण तिथे येते.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले दोन भाऊ आहेत. घरची काजूची बागायत, साखळीच्या बाजारात वडिलांचं किराणा आणि सुक्या मेव्याचं दुकान, बागायतीच्या कडेला एक जुनी शेड. त्या शेडमध्ये त्यांना वर्षाला 50 टन काजूबिया फोडायच्या आहेत. आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून धरलेत. तुमच्या गावात भाव वेगळा असेल, तो तिथे घाला.

बियांचा भाव किलोला 150 रुपये धरला. 50 टनांचे 75 लाख झाले. शंभर किलो बियांतून 25 किलो गर निघाला, म्हणजे उतारा 25 टक्के मिळाला, तर साडेबारा टन गर हातात येतो. अख्खा गर, पाकळी, तुकडा हे सगळं मिळून सरासरी दर किलोला 840 रुपये धरू. (डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग, त्यामुळे डब्ल्यू-180 चा भाव वेगळाच असतो. सरासरी काढताना आपल्याकडे तुकडा किती पडतो ते विसरू नये.) वर्षाची विक्री 1 कोटी 5 लाख.

आता खर्च. बिया 75 लाख, फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायांची मजुरी 8 लाख, वीज आणि इंधन 2 लाख (टरफलं विकून येणारे पैसे यातून आधीच वजा केलेत), पॅकिंग आणि वाहतूक 3 लाख, दुरुस्ती-विमा 1 लाख. बेरीज 89 लाख. म्हणजे 16 लाख उरले. बहुतेक घरगुती हिशेब इथे थांबतो आणि घरात पेढे वाटले जातात.

पण या 89 लाखांत काही गोष्टी आल्याच नाहीत. त्यांना बिल नसतं, एवढंच कारण.

पहिली गोष्ट थोरल्या भावाची. तो पणजीत एका हॉटेलात हिशेबनीस आहे, वर्षाला 3 लाख मिळवतो. कारखाना सुरू झाला की ती नोकरी सोडणार. 'घरचाच माणूस, पगार कसला' असं म्हणून चालणार नाही. कारखान्यामुळे घरात येणारे 3 लाख बंद होतात, तेव्हा ते कारखान्याच्याच नावावर टाकायला हवेत. शेडचंही तसंच. तिथे सध्या एक मंडपवाला आपलं सामान ठेवतो आणि महिन्याला 5,000 रुपये देतो. शेड स्वतःची असली तरी तिची किंमत शून्य नाही, वर्षाला 60 हजार आहे. तिसरी गोष्ट वडिलांच्या दुकानाची. तिथे आजही दुसऱ्या कारखान्याचा काजू विकला जातो आणि त्यावर वर्षाला 1 लाख 40 हजार सुटतात. उद्या त्याच फडताळावर घरचा काजू बसला की हे पैसे जाणार. घरच्या काजूची विक्री आपण 1 कोटी 5 लाखांत धरलीच आहे, मग तिने जे खाल्लं तेही धरायला हवं.

यातली सर्वांत फसवी बाब घरच्या झाडांच्या बियांची. समजा, बागायतीत 5 टन बिया होतात. 'या फुकट आहेत' म्हणून त्यांचे साडेसात लाख खर्चातून वगळायचा मोह होतो. मी तो खर्च 75 लाखांत मुद्दाम ठेवलाय. कारखाना नसता तरी त्या बिया व्यापाऱ्याला 150 रुपयांनी गेल्याच असत्या. बागायतीची कमाई कारखान्याच्या खात्यात दाखवली तर कारखाना उगाच हुशार दिसतो आणि बागायत उगाच आळशी.

याच्या उलट, काही खर्च डोळ्यांत खुपतात पण हिशेबात घ्यायचे नसतात. भावांनी प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला, आजरा-चंदगडकडचे कारखाने बघून आले, त्यात 40 हजार गेले असं समजा. कारखाना घातला तरी ते गेले आणि नाही घातला तरी गेलेच. पुढच्या निर्णयाशी त्यांचा संबंध नाही. 'एवढा खर्च केलाय, आता मागे कसं फिरायचं' हे वाक्य घरात ऐकू आलं की हिशेब थोडा बाजूला ठेवून चहा घ्यावा.

तर 16 लाखांतून 3 लाख, 60 हजार आणि 1 लाख 40 हजार गेले. उरले 11 लाख. घसारा (यंत्रांची किंमत दर वर्षी घटते, तिचा कागदावरचा खर्च) आणि कर यांच्या आधीचा खरा वाढीव आकडा हा.

आता मशिनरी. बॉयलर, कटर, ड्रायर, सोलायचं यंत्र मिळून 20 लाख धरू. हे 20 लाख पहिल्याच दिवशी खिशातून जातात, पण आयकर खातं ते एका वर्षाचा खर्च मानत नाही. यंत्रांवर उरलेल्या किमतीच्या 15 टक्के या दराने दर वर्षी घसारा मिळतो: पहिल्या वर्षी 3 लाख, मग उरलेल्या 17 लाखांवर 2 लाख 55 हजार, आणि असंच पुढे. हे पैसे त्या वर्षी कुणालाच द्यावे लागत नाहीत. तरीही हिशेबात घसारा घ्यावा लागतो, कारण त्यामुळे कर कमी होतो. त्याचं काम तेवढंच.

म्हणून पद्धत अशी: घसारा वजा करा, कर काढा, मग घसारा परत मिळवा. 11 लाखांतून 3 लाख गेले, राहिले 8 लाख. कर 25 टक्के धरला तर 2 लाख. करानंतर 6 लाख, त्यात घसाऱ्याचे 3 लाख परत. पहिल्या वर्षाचा ऑपरेटिंग कॅश फ्लो 9 लाख.

ताळा पाहायचा तर दुसरी वाट आहे. 11 लाखांवर थेट कर लावला तर 8 लाख 25 हजार उरतात. त्यात घसाऱ्याने वाचवलेला कर, म्हणजे 3 लाखांचे 25 टक्के, 75 हजार. बेरीज 9 लाखच. दोन वाटांनी उत्तर वेगळं आलं तर कुठेतरी घसारा दोनदा घेतला गेलाय असं समजावं.

विक्री आणि खर्च तेच ठेवले तर पुढच्या वर्षांत घसारा घटत जातो, कराची बचत थोडी थोडी कमी होते आणि आकडे असे येतात: दुसऱ्या वर्षी 8.89 लाख, तिसऱ्या वर्षी 8.79, चौथ्या वर्षी 8.71, पाचव्या वर्षी 8.64. पाच वर्षांचे मिळून 44 लाख. मशिनरी 20 लाखांची. ऐकायला छान वाटतं.

कराचा दर 25 टक्के का धरला? भावांनी कंपनी काढली आणि सवलतीच्या दराचा पर्याय घेतला तर 22 टक्के कर, त्यावर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर मिळून 25.17 टक्के होतात. भागीदारी फर्म केली तर 30 टक्के आणि उपकर, म्हणजे 31.2. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. यात एक बारकावा आहे. कंपनीच्या ताळेबंदात घसारा कंपनी कायद्याप्रमाणे वेगळा दिसू शकतो. कॅश फ्लो काढताना मात्र आयकराचाच घसारा घ्यायचा, कारण कर त्यावरून ठरतो. दुसरा बारकावा तारखेचा: यंत्र त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्म्या दराने मिळतो. फेब्रुवारीत यंत्र सुरू करणाऱ्याला दीडेक महिन्यासाठी निम्मा घसारा मिळतो. मात्र त्या वर्षी कर भरण्याजोगं उत्पन्न नसेल तर तो पुढे ओढला जातो, लगेच रोख हातात येत नाही.

आणि व्याज? ते या हिशेबात कुठेच नाही, आणि नसायलाच हवं. बँकेला द्यायच्या तक्त्यांत व्याज आणि हप्ता असतात, कारण तिचा प्रश्न वेगळा असतो: कर्ज फिटेल का? आपला प्रश्न आहे, हा धंदा पैसा घालण्याजोगा आहे का. पैशाची किंमत, मग पैसा बँकेचा असो की आईच्या मुदत ठेवीतला, पुढे अपेक्षित परताव्याच्या दरात येणार आहे. इथे व्याज वजा केलं आणि तिथेही दर लावला तर एकच भार धंद्यावर दोनदा पडतो. चांगले प्रकल्प अशाने कागदावरच मरतात.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही धंद्याला लागू पडतं. काजूचा खरा स्वभाव यापुढे आहे.

काजू वर्षभर विकला जातो. चवथीला, दिवाळीला, ऑक्टोबरनंतर पर्यटक आले की जास्तच. पण बी मिळते ती साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या तीन महिन्यांत वर्षाचा सगळा माल वाळवून गोदामात भरून ठेवावा लागतो. गोव्यातल्या घरात पावसाळ्याआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तसंच हे. फरक एवढा की इथलं पुरुमेंत 75 लाखांचं आहे, आणि शेतकरी उधार देत नाही.

जूनच्या मध्याला 50 टनांपैकी साडेबारा टन फोडून झालेले असतात. गोदामात साडेसदतीस टन पडून असतात, म्हणजे सुमारे 56 लाख. 20 लाखांच्या मशिनरीसाठी चार ठिकाणची कोटेशनं मागवणारे या 56 लाखांना प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटच्या पानावर एक ओळ देतात. पुढे दर महिन्याला साठा उतरत जातो आणि पुढच्या मार्चला संपतो. वर्षाची सरासरी काढली तर साठ्यात 28 लाख अडकलेले राहतात. हॉटेलवाले आणि दुकानदार महिन्याभराची उधारी घेतात, ते जवळजवळ 9 लाख. तयार गर आणि पॅकिंगचं सामान मिळून 3 लाख. सरासरी 40 लाखांचं खेळतं भांडवल झालं.

नेहमीची शिकवण अशी की या वर्षअखेरचं खेळतं भांडवल वजा गेल्या वर्षअखेरचं, आणि जो फरक येईल तेवढी रोकड आत गेली. सूत्र बरोबर आहे. पण आपलं हिशेबाचं वर्ष संपतं 31 मार्चला, आणि काजूच्या धंद्यात नेमकं तेव्हाच गोदाम जवळजवळ रिकामं असतं. ताळेबंद बघून खेळतं भांडवल काढलं तर एखाद्या आठवड्याची खरेदी आणि थोडी उधारी दिसेल, 15-20 लाख. जूनमधले 56 लाख कुठल्याच वार्षिक कागदावर दिसणार नाहीत. म्हणून हंगामी धंद्याचा हा भाग महिन्यावार मांडावा. बारा रकाने, दर महिन्याची खरेदी, विक्रीचे आलेले पैसे, मजुरी, शिल्लक. कंटाळवाणं काम आहे, पण अख्ख्या हिशेबात मी सर्वांत जास्त विश्वास याच कागदावर ठेवतो.

त्यात जीएसटीची एक छोटी पाचर आहे. शेतकऱ्याकडून न सोललेली बी घेताना कर शेतकरी भरत नाही, नोंदणी असलेला खरेदीदार भरतो, ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. 75 लाखांवर 5 टक्के म्हणजे पावणेचार लाख, आणि हे रोखीत भरावे लागतात. गर विकताना लागणाऱ्या जीएसटीतून ते वळते होतात, त्यामुळे हा खर्च नव्हे, ऑपरेटिंग कॅश फ्लोत तो धरायचा नाही. पण खरेदी तीन महिन्यांत आणि विक्री बारा महिन्यांत असल्याने मधले काही महिने दोन-अडीच लाख सरकारदरबारी बसून राहतात. महिन्यावार तक्त्यात त्याला रकाना द्या.

खेळत्या भांडवलाची आणखी एक खोड. पुढच्या हंगामात बीचा भाव 165 झाला आणि गराचा भावही त्या मानाने वाढला, तर वहीत नफा वाढलेला दिसेल. पण तोच साठा ठेवायला सरासरी 2 लाख 80 हजार जास्त लागतील. वाढलेल्या नफ्यातला बराचसा भाग गोदामात जाऊन बसतो आणि घरात चर्चा सुरू होते की एवढा नफा झाला तर पैसे गेले कुठे.

आता सगळं एकत्र मांडू. हेच पैसे दुसरीकडे घातले असते तर करानंतर 12 टक्के मिळाले असते असं धरलं, तर पाच वर्षांनी मिळणारा एक रुपया आज सुमारे 57 पैशांचा, कारण आजचे 57 पैसे 12 टक्क्यांनी पाच वर्षांत रुपया होतात. वर्षावर्षाच्या ऑपरेटिंग कॅश फ्लोला असा आजचा भाव लावला की 44 लाखांचे 31.8 लाख होतात. मशिनरीचे 20 लाख वजा केले तर 11.8 लाखांचा फायदा. बहुतेक रिपोर्टांचं शेवटचं पान इथे संपतं.

साठा आणि उधारी यांचे 40 लाख त्यात घाला. ते सुरुवातीला जातात आणि पाच वर्षांनी धंदा बंद केला तर पूर्ण परत येतात असं मानू. 'परत येतात ना, मग काय बिघडलं?' बिघडलं हे की पाच वर्षांनी परत येणाऱ्या 40 लाखांची आजची किंमत 22.7 लाख आहे. 17.3 लाखांचा फरक वाट बघण्यात गेला. 11.8 लाखांचा फायदा उणे 5.5 लाखांवर आला. यंत्रं शेवटी 5 लाखांना विकली तरी त्यांचे आजचे 2.8 लाखच होतात, हिशेब उणेच राहतो. ऑपरेटिंग कॅश फ्लो दोन्ही वेळा तोच होता, वर्षाला पावणेनऊ लाखांच्या आसपास.

म्हणजे काजूचा धंदा करू नये का? तसं नाही. पण कुठला आकडा हलवला तर हिशेब वर येतो ते बघायला हवं. मजुरीत किंवा विजेत 50 हजार वाचवून काही होणार नाही. उतारा मात्र बघा. 25 टक्क्यांऐवजी 24 टक्के गर निघाला तर 500 किलो गर कमी, म्हणजे 4 लाख 20 हजार. करानंतर 3 लाख 15 हजार. 9 लाखांचे 5.85 लाख झाले, फक्त एका टक्क्याने. याच हिशेबाने एक टक्का वाढला तर 12.15 लाख. वेंगुर्ले-4, वेंगुर्ले-7 अशा कलमी झाडांच्या बीचा उतारा 30 टक्क्यांच्या आसपास सांगतात, जुन्या गावठी झाडांच्या मिश्र मालात तो खाली येतो. म्हणून खरेदीच्या वेळी पोत्यातून मूठभर बिया काढून कापून बघणारा माणूस या धंद्यात अकाउंटंटपेक्षा जास्त कॅश फ्लो मिळवून देतो. ओल्या बियांचं वजन भरतं आणि गर भरत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक.

दुसरा हलवण्याजोगा आकडा साठ्याचा. हंगाम संपल्यावर लागणाऱ्या साडेसदतीस टन बिया स्वतः साठवण्याऐवजी साठा करणाऱ्या व्यापाऱ्याकडून महिन्याला लागतील तशा घेतल्या तर? सरासरी खेळतं भांडवल 40 लाखांवरून 15 लाखांवर येईल. सुटलेल्या 25 लाखांचे 12 टक्क्यांनी वर्षाला 3 लाख होतात. बीचा वाढीव भाव करातून वजा होतो, म्हणून करापूर्वी 4 लाख जास्त मोजले तरी फिटंफाट. साडेसदतीस टनांवर वाटले तर किलोला साधारण साडेदहा रुपये.

तेव्हा मशिनरीच्या कोटेशनआधी भावांनी व्यापाऱ्याला विचारावं की ऑक्टोबरात, वाळलेली, कापून दाखवलेली बी काय भावाने देणार. तो 155 पर्यंत म्हणाला तर कारखाना काठावर का होईना पाण्यावर येतो. 155 ते 160 म्हणाला तर स्वतः साठवण्यापेक्षा बरं पडेल, पण हिशेब अजून उणेच असेल, ती तूट उताऱ्यातून भरून काढावी लागेल. 160 च्या वर गेला तर गोदाम स्वतःचंच भरावं, आणि मग 50 टनांऐवजी 20 टनांनी सुरुवात केली तर तक्ता कसा दिसतो ते बारा रकान्यांत पुन्हा मांडून बघावं.